रात्री दोनच्या फोनवर शिकलेले काम वर्गात शिकवायचे कसे? (आयटी सेवा व्यवस्थापन)

हँडओव्हर_बाकी (धागालेखक)

नमस्कार. गेली १७ वर्षे मी आयटी सेवा व्यवस्थापनात आहे. सुरुवात सर्व्हिस डेस्कवर लोकांचे पासवर्ड बदलून देण्यापासून झाली, पुढे इन्सिडेंट मॅनेजर, म्हणजे सेवा बंद पडली की ती सुरू करवून घेणारा, झालो आणि आता हिंजवडीत बसून एका परदेशी ग्राहकाचे चेंज, म्हणजे प्रणालीत करायचे बदल, सांभाळतो. गेल्या वर्षी पुण्याजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना हा विषय ऐच्छिक म्हणून शिकवाल का, असे विचारले. दर शनिवारी दोन तास, असे १५ शनिवार. मी हौसेने होकार दिला आणि रीतसर शिकवले: सेवा म्हणजे काय, इन्सिडेंट कशाला म्हणावे, प्रॉब्लेम कशाला, आणि आयटिल या सेवा व्यवस्थापनाच्या प्रचलित चौकटीतल्या ३४ प्रॅक्टिसेस (कामाच्या पद्धती) कोणत्या. मुलांनी सगळे पाठ केले. सराव परीक्षेत बहुतेकांना ४० पैकी २६ च्या वर गुण मिळाले. आयटिल फाउंडेशन ही तिची पहिली प्रमाणपत्र परीक्षा उत्तीर्ण व्हायला तेवढेच लागतात.

शेवटच्या शनिवारी मी एक प्रसंग दिला. रात्रीचे दोन वाजले आहेत, ग्राहकाच्या दुकानांमधले बिलिंग बंद पडले आहे, डेटाबेसचा माणूस फोन उचलत नाही, आणि ग्राहकाचा मॅनेजर ब्रिज कॉलवर (सगळ्या संबंधितांच्या सामाईक फोनवर) येऊन ‘किती वेळ लागेल?’ असे विचारतो आहे. तुम्ही काय बोलाल? वर्गात पहिली आलेली मुलगी उठली आणि तिने इन्सिडेंटची व्याख्या सांगितली. व्याख्या शब्दन्‌शब्द बरोबर होती. तिला दोष देण्यासारखे काहीच नव्हते, कारण मी तेवढेच शिकवले होते.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की हे काम मुळात बोलण्याचे आणि लिहिण्याचे आहे. हाती अर्धवट माहिती असताना जेवढे खरे आहे तेवढेच सांगणे, पुढे केव्हा सांगणार ते ठरवणे, आणि शिफ्ट सुटताना पुढच्या माणसाच्या हाती काहीही न सांडता काम देणे, हे ज्याला येते त्याला व्याख्या नंतर वाचूनही समजतात. उलट्या क्रमाने ते होत नाही. जूनपासून पुढची तुकडी येईल. ज्यांनी हे काम केले आहे किंवा शिकवले आहे त्यांनी सांगावे: ज्या मुलाने एकही तिकीट (बिघाडाची किंवा मागणीची नोंद) पाहिलेले नाही, त्याला हे शिकवता येते का?

कॅबचुकली

उत्तर नंतर सविस्तर देते. तोवर एक खरी घडलेली गोष्ट. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात आमचे वरिष्ठ म्हणाले, “सहा वाजता कॅब आहे, उशीर करू नकोस.” मी दप्तर आवरून फाटकापाशी जाऊन उभी राहिले. ती चेंजना मंजुरी देणाऱ्या मंडळाची बैठक होती, आणि तिथे माझाच चेंज पहिला होता.

नियमावली

धागालेखकांचा अनुभव प्रामाणिक आहे; निष्कर्ष मात्र मला घाईचा वाटतो. आयटिलचा जन्म १९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारच्या सीसीटीए या संगणकविषयक संस्थेत झाला. एकाच सरकारची खाती, पण एकाच गोष्टीला प्रत्येकाचा शब्द वेगळा आणि पद्धत वेगळी, ही तिथली अडचण होती. म्हणजे हे शास्त्र जन्मले तेच एका सामाईक भाषेसाठी. त्या भाषेला ‘पाठांतर’ म्हणून बाजूला सारणे बरे नाही.

मी पूर्वी जिथे होतो तिथे दोन सपोर्ट टीम एकत्र केल्या गेल्या. एक टीम सेवा सुरू झाली की तिकीट बंद करी, तर दुसरी मूळ कारण सापडेपर्यंत ते उघडे ठेवी. महिनाअखेरीच्या अहवालात पहिली टीम अतिशय तत्पर आणि दुसरी अतिशय आळशी दिसे, आणि प्रत्यक्षात दुसऱ्या टीमकडचे बिघाड पुन्हा उद्भवत नसत. वरिष्ठांनी त्या अहवालाच्या आधारे दुसऱ्या टीममधली दोन माणसे कमी केली. हा व्याख्येचा प्रश्न होता की बोलण्याचा?

मराठी माणसाला इन्सिडेंट आणि प्रॉब्लेम यांतला हा भेद शिकवणे आणखी अवघड जाते, कारण आपण कशालाही ‘प्रॉब्लेम झाला’ म्हणतो. मी सोसायटीच्या पाण्याचे उदाहरण देतो. पंप जळाला म्हणून टँकर मागवला आणि लोकांच्या बादल्या भरल्या, इथे इन्सिडेंट मिटले. तो पंप दर उन्हाळ्यात का जळतो हे शोधणे म्हणजे प्रॉब्लेम. आणि नवा पंप बसवण्यासाठी रविवारी चार तास पाणी बंद राहील अशी चिठ्ठी जिन्यात लावणे हा चेंज. दहा मिनिटांत मुलांना कळते, आणि कोणीही विसरत नाही.

डब्लिनकर

‘नियमावली’ यांचे पंपाचे उदाहरण मी चोरणार आहे. तरीही थोडी काडी टाकतो. मी आयर्लंडमध्ये एसआरई (सेवा भरवशाने चालू ठेवणारा अभियंता) म्हणून काम करतो आणि माझ्या टीममध्ये मंजुरी देणारे मंडळ असे काही नाही. आम्ही दिवसातून अनेकदा बदल सोडतो. आमच्याकडे चुकांचे बजेट असते: सेवेचे वचन ९९.९ टक्के असेल, तर ३० दिवसांत सुमारे ४३ मिनिटे ती बंद राहिलेली चालते. ती मिनिटे शिल्लक असतील तर बदल सोडायचे, संपली की नवे बदल थांबवून आधी सेवा भक्कम करायची. वचन ९९.९९ टक्क्यांवर नेले की हाती जेमतेम सव्वाचार मिनिटे उरतात, आणि एवढ्या वेळात माणूस लॅपटॉपसुद्धा उघडू शकत नाही. म्हणजे दुरुस्ती यंत्रानेच करावी लागते. हा हिशेब मुलांना फळ्यावर करायला लावा. ३४ नावे पाठ करण्यापेक्षा त्यांना यातून अधिक कळेल.

वाचायला द्यायचेच असेल तर खऱ्या बिघाडांचे जाहीर अहवाल द्या. गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या ३१ जानेवारी २०१७ च्या बिघाडाचा अहवाल माझ्या मते सर्वांत उत्तम आहे. रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका अभियंत्याला दुय्यम डेटाबेसची डिरेक्टरी पुसायची होती. आज्ञा गेली मुख्य डेटाबेसवर. सुमारे ३०० जीबीपैकी थांबवेपर्यंत साडेचार जीबी उरले. मग बॅकअप शोधू लागले, तर नेहमीचा बॅकअप होतच नव्हता, कारण तो घेणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती. त्या अपयशाच्या ईमेल निघत होत्या, पण त्या वाटेतच नाकारल्या जात असल्यामुळे कोणाला मिळाल्याच नाहीत. शेवटी कामी आली ती त्याच अभियंत्याने सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी घेतलेली प्रत. दुरुस्तीचे काम त्यांनी थेट प्रक्षेपित केले, आणि अहवालात त्या माणसाला फाशी दिली नाही. आपल्याकडच्या आरसीएमध्ये (बिघाडाच्या मूळ कारणाच्या अहवालात) ‘मानवी चूक, संबंधितास समज देण्यात आली’ असे एक वाक्य असते, त्याच्या शेजारी हा अहवाल ठेवून वाचावा.

नियमावली

डब्लिनकर, तुमच्या टीमचे बदल तुमच्याच कोडचे असतात. आमच्या ग्राहकाकडे २५ वर्षांपूर्वीचा मेनफ्रेम, तीन पुरवठादार आणि एकाच वाहिनीवर चालणारी ११० दुकाने आहेत. तिथे मंडळ लागते. मात्र मंडळात बसणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो बदल कळत नसतो, हे मान्य करतो.

पेठेतला_पाणीपुरवठा

मी आयटीतला नाही. मुलगा आहे, म्हणून धागा वाचला. चेंजविषयी एवढे बोलता आहात, तर आम्हा पुणेकरांना हे वर्तमानपत्राने केव्हाच शिकवले आहे. “गुरुवारी दुरुस्तीच्या कामासाठी शहराचा पाणीपुरवठा बंद राहील. शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल.” कोणता दिवस, कशासाठी, कोणते भाग, आणि काम संपल्यावरही लगेच पूर्ववत होणार नाही, हे सगळे त्यात असते. मुलाच्या कंपनीने घरच्या लॅपटॉपवर पाठवलेली सूचना त्याने मला एकदा दाखवली होती. तिच्यात तीन परिच्छेद होते, आणि बंद नक्की काय होणार ते चौथ्या परिच्छेदात असेल असे वाटेपर्यंत ती संपली.

हँडओव्हर_बाकी

काका, तुम्ही माझा पहिला शनिवार ठरवून टाकलात. ‘शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने’ हे वाक्य चेंजच्या सूचनेत लिहायला आमच्यातले कोणीही धजावत नाही. आम्ही ‘काम पूर्ण झाल्यावर सेवा पूर्ववत होईल’ असे लिहितो, आणि मग सोमवारी सकाळी सगळी प्रणाली मंद चालत असल्याची ३०० तिकिटे येतात.

एल_वन_सांगली

मला थोडे वेगळे सांगायचे आहे. धागालेखक म्हणतात की हे काम बोलण्याचे आहे. मान्य, पण कोणत्या भाषेत? माझे बारावीपर्यंतचे शिक्षण तालुक्याच्या गावी मराठीतून झाले. सर्व्हिस डेस्कवर लागलो तेव्हा संगणकाचे मला शेजारच्या दोघांपेक्षा जास्त कळत होते, पण ब्रिज कॉलवर मी म्यूट सोडत नसे. एकदा बिघाडाचे कारण मला पहिल्या दहा मिनिटांत दिसले होते. ते मी चॅटमध्ये शेजाऱ्याला लिहिले, त्याने ते इंग्रजीत सांगितले, आणि शाबासकी त्याला मिळाली. त्याचा राग नाही. पण चाळीस मिनिटे दुकाने बंद राहिली, ती मी वाक्य मनात जुळवत बसल्यामुळे.

मला जे उपयोगी पडले ते वर्गात मिळालेले नाही. आमच्या शिफ्टच्या ताईंनी मला दोन महिने प्रत्येक ब्रिज कॉल नुसता ऐकायला बसवले आणि कॉल संपल्यावर तीन ओळींत मराठीत लिहून मागितले: काय झाले, कोणाला त्रास झाला, आता काय चालू आहे. मराठीत नेमके लिहिता येऊ लागल्यावर इंग्रजी आपोआप सोपे झाले, कारण मी इंग्रजीत अडखळत होतो असे जे मला वाटे, ते बऱ्याचदा नक्की काय म्हणायचे तेच ठरलेले नसल्यामुळे होते.

रात्रपाळी_सिस्टर

मीही आयटीतली नाही. २२ वर्षे रुग्णालयात परिचारिका आहे आणि आता शिकाऊ मुलींना शिकवते. एल_वन_सांगली यांच्या तीन ओळी वाचून लिहिल्याशिवाय राहवले नाही, कारण आमच्याकडे त्याच्या चार ओळी आहेत आणि त्याला एसबार म्हणतात. आत्ता काय झाले आहे, रुग्णाची पूर्वपीठिका काय, मला काय वाटते, आणि तुम्ही काय करावे असे मी सुचवते. रात्री डॉक्टरांना फोन करताना नवीन मुलगी पूर्वपीठिकेपासून सुरू करते. डॉक्टर अर्धवट झोपेत असतात, आणि मुख्य गोष्ट येईपर्यंत ते चिडलेले असतात. म्हणून आधी ‘रक्तदाब घसरला आहे’ हे वाक्य, मग बाकीचे. यातली चौथी ओळ शिकवायला सर्वांत जास्त वेळ लागतो. डॉक्टरांना आपण काय सुचवणार, असे मुलींना वाटते.

वर्गात शिकवता येते का, या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर ‘येते’ असे आहे. आम्ही रिकाम्या खाटेवर उशी ठेवून शिकवतो. पहिल्या दिवशी मुली हसतात. चौथ्या दिवशी उशीची सलाईन संपली तरी धावतात.

कॅबचुकली

सविस्तर लिहिते म्हटले होते. मी आज एका टीमची प्रमुख आहे, आणि मला या संपूर्ण धाग्यातील ‘रात्री दोन’ या शब्दांविषयीच थोडी तक्रार आहे. आपल्या क्षेत्रात रात्री जागून आग विझवणाऱ्याचा सत्कार होतो. जिच्यामुळे आग लागलीच नाही तिचे नाव कोणाला माहीत नसते. आमच्याकडे एका मुलीने वर्षभरात नियमित येणाऱ्या २३ प्रकारच्या बिघाडांची मुळे शोधून बंद केली. तिची तिकिटे कमी झाली, आणि मूल्यांकनात ‘कामाचे प्रमाण कमी’ असा शेरा आला. तो मी भांडून बदलून घेतला. मुलांना पहिल्याच दिवशी रात्री दोनचा प्रसंग दिलात, तर त्यांना हे काम म्हणजे शौर्य वाटेल.

दुसरी गोष्ट आकड्यांची. एसएलएच्या (ग्राहकाला कबूल केलेल्या मुदती पाळल्या की नाही याच्या) अहवालाला आमच्यात कलिंगड म्हणतात: वरून हिरवा, आतून लाल. हे कलिंगड पिकते कसे, ते अवश्य शिकवा. मी एके काळी जिथे होते तिथे मुदत संपत आली की तिकीट ‘वापरकर्त्याच्या उत्तराच्या प्रतीक्षेत’ या अवस्थेत टाकून घड्याळ थांबवत. वापरकर्त्याला विचारायचे काय, तर “आपली अडचण अजून आहे का?” शुक्रवारी संध्याकाळी शंभर लोकांना हा प्रश्न जाई. अहवाल ९८ टक्के हिरवा. ग्राहकाने करार वाढवला नाही तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटले. नवीन मुलगा रुजू झाला की दुसऱ्या आठवड्यात त्याला ही युक्ती कोणीतरी शिकवतेच. तेव्हा ती युक्ती आहे हे त्याला आधी ठाऊक असलेले बरे.

डब्लिनकर

कलिंगडावरून आठवले. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अॅमेझॉनची एसथ्री ही साठवण सेवा एका आज्ञेतील चुकीच्या आकड्यामुळे काही तास कोलमडली. सेवांची स्थिती दाखवणारा त्यांचा फलकही त्याच सेवेवर अवलंबून होता, त्यामुळे बिघाड चालू असताना तो बराच वेळ हिरवाच होता. ते कलिंगड मात्र कोणी मुद्दाम पिकवलेले नव्हते.

नियमावली

सिस्टरताईंच्या उशीला माझा नमस्कार. मी माझे मत अर्धे बदलतो.

बोलण्याच्या बाजूने एक अनुभव मीच देतो. १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी सकाळी पावणेदहाच्या सुमारास क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीचे सदोष अद्यतन सुटले आणि जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळा पडदा दाखवून बसली, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज होता. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. उपाय लगेच कळला होता: यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करून एक फाइल पुसायची. पण ते दुरून करता येत नव्हते, आणि ज्या यंत्रांची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होती, तिथे आधी ४८ अंकांची किल्ली टाकावी लागत होती. वापरकर्ता घरी, त्याचे यंत्र बंद, आणि आमचा मुलगा फोनवर ते ४८ अंक वाचून दाखवतो आहे. सकाळी प्रत्येक फोनला २५ मिनिटे लागत होती. दुपारी आमच्यातल्या एकीने नियम घातला: सहा अंकांचा एक गट वाचायचा, समोरच्याकडून परत वदवून घ्यायचा, मगच पुढचा, असे आठ गट. फोन ११ मिनिटांवर आला. त्या दिवशी आम्हाला तंत्रज्ञानाने नव्हे, रेल्वेच्या उद्घोषणेसारख्या सावकाश बोलण्याने वाचवले. ही ४८ अंकांची कसरत वर्गात दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवून करून घेता येईल.

तरीही व्याख्या सोडू नका. त्या दिवशी ‘हे इन्सिडेंट आहे, कारण शोधत बसू नका, आधी यंत्रे सुरू करा’ असे एका वाक्यात सांगता आले, ते सगळ्यांना त्या शब्दाचा एकच अर्थ माहीत होता म्हणून.

प्रमाणपत्रवाला

माझ्या मुलाने फाउंडेशन द्यावे की नाही, हे कोणी सांगेल का? २०२३ पासून ते प्रमाणपत्र दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते म्हणतात. हा खर्च सुरुवातीलाच कशाला?

कॅबचुकली

मुलाखतीला बोलावणे येण्यासाठी त्याचा उपयोग होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण शिकत असताना स्वतःच्या खिशातून देऊ नये असे माझे मत आहे. बऱ्याच कंपन्या रुजू झाल्यावर स्वतः खर्च करतात. तोवर त्याला डब्लिनकरांनी सांगितलेला अहवाल वाचू द्या, तो फुकट आहे.

हँडओव्हर_बाकी

उशिरा लिहितो आहे, कारण मधल्या काळात नवी तुकडी सुरू झाली आणि तीन शनिवार झाले.

पहिल्या शनिवारी एकही व्याख्या सांगितली नाही. पाणीपुरवठ्याची सूचना वाचून दाखवली आणि आमच्याकडची एक जुनी चेंज सूचना, नावे काढून, तिच्या नमुन्यावर पुन्हा लिहायला सांगितली. २८ पैकी १९ मुलांनी ‘सोमवारी प्रणाली मंद चालेल’ हे न विचारता लिहिले. मी ती सूचना कार्यालयात दाखवली. ‘ग्राहकाला असे कसे सांगायचे?’ असे उत्तर मिळाले. तो वाद अजून चालू आहे.

दुसऱ्या शनिवारी ४८ अंक. चौदा जोड्यांपैकी पहिल्या फेरीत तीनच बरोबर आल्या. गटागटाने वाचल्यावर बारा. यावर मी भाषण केले नाही.

तिसऱ्या शनिवारी कॅबचुकली यांचे ऐकून दोन वाजताचा प्रसंग दुपारी दोनचा केला. एसबारच्या चार ओळी फळ्यावर होत्या. आधी मराठीत, मग इंग्रजीत. एका मुलाने ग्राहकाच्या मॅनेजरला दिलेले उत्तर असे होते: “११० दुकानांचे बिलिंग १:४० पासून बंद आहे. डेटाबेसच्या माणसाशी अजून संपर्क झालेला नाही. त्याच्या जागी दुसऱ्याला फोन लावला आहे. किती वेळ लागेल ते आत्ता मला माहीत नाही. दुकानांनी तोवर हाताने पावत्या द्याव्यात असे मी सुचवतो, आणि २:२० ला तुम्हाला पुन्हा सांगतो.” यात मी दुरुस्त करावे असे काही नव्हते. मागच्या बाकावरून प्रश्न आला की २:२० लाही काही कळले नसेल तर काय करायचे. तो उत्तरला, “तर २:२० ला तसे सांगायचे, पण २:२५ ला नाही.”

व्याख्या चौथ्या शनिवारी येतील, पंपासकट. आता अडचण वेगळीच आहे. विद्यापीठाला लेखी परीक्षा हवी आहे, आणि त्यांच्या नमुन्यात पहिला प्रश्न ‘व्याख्या लिहा, कोणत्याही पाच’ असा आहे.

रात्रपाळी_सिस्टर

आमच्याकडे प्रात्यक्षिकाचे गुण वेगळे असतात. ते मागून पाहा. उशीचा खर्च फार नसतो.

नियमावली

त्या पाच व्याख्यांचा प्रश्न माझ्याकडे द्या. प्रत्येक व्याख्येऐवजी एक खरे तिकीट देऊन ‘हे इन्सिडेंट की प्रॉब्लेम, आणि ते बंद केव्हा करावे’ असे विचारता येईल. नमुन्यात ‘व्याख्या’ हा शब्द राहील आणि विद्यापीठाची हरकत येणार नाही. माझ्याकडे ४० तिकिटे आहेत. ग्राहकाची नावे काढायला एक रविवार लागेल. व्यक्तिगत संदेशात पत्ता कळवा.